नीटची तयारी अर्धवट आहे, पेपर द्यावा की यंदा सोडावा?

रानजाई:
बोर्डाचे पेपर संपले. हिवाळ्यात मला कावीळ झाली आणि क्लासचा बराच भाग हुकला. बायो, केमिस्ट्री निदान एकदा वाचून झालंय, पण फिजिक्समधल्या रोटेशन, थर्मो, ऑप्टिक्सला हातसुद्धा लागलेला नाही. मेच्या पहिल्या रविवारी नीट आहे. बाबा म्हणतात, "तुला झेपेल तसं कर." आई काहीच बोलत नाही, त्याचंच जास्त दडपण येतं. कमी मार्क घेऊन बसण्यापेक्षा यंदा पेपरच देऊ नये आणि जूनपासून नव्याने सुरुवात करावी, असं वाटतंय. पेपर न देता ड्रॉप घेतला तर पुढे काही अडतं का?

सदाफुली:
अडत काही नाही. नीट कितीदाही देता येते. पण म्हणून सोडू नकोस, फॉर्म भरलेलाच आहे ना?

पाटी_खडू:
अगं, पेपर दे. मी ज्युनिअर कॉलेजात बायो शिकवते, म्हणून आधी माझ्या विषयाचं बोलते. ७२० पैकी ३६० मार्क एकट्या बायोचे, फिजिक्सचे १८०. ज्याची तुला धास्ती आहे तो पेपरचा पाव हिस्सा आहे. बोर्डासाठी तू राज्य मंडळाचं पुस्तक वाचलं असशील. नीटचं बायो एनसीईआरटीच्या वाक्यांवर बेतलेलं असतं, तेव्हा आता तेच धर. आकृतीखालची बारीक ओळ, कोष्टकातलं शेवटचं उदाहरण, काही गाळू नकोस. ह्यूमन फिजिऑलॉजी आणि जेनेटिक्स दोनदा कर.

फिजिक्समध्ये रोटेशनच्या मागे आता लागू नकोस, फार वेळ खातं. सेमीकंडक्टर, मॉडर्न फिजिक्स, करंट इलेक्ट्रिसिटी घे. तिथे सूत्र पाठ असलं की बरीच गणितं थेट सुटतात. बरोबरला ४, चुकीला वजा १. दोन पर्याय खात्रीने खोडता आले तर उत्तर लाव. काहीच सुचत नसेल तर रेंगाळू नकोस, १८० प्रश्नांना १८० मिनिटंच आहेत.

आणि एक जुना पेपर घरी दुपारी २ ते ५ याच वेळेत, ओएमआर शीटवर सोडव. जेवणानंतरची सुस्ती आणि गोल रंगवण्यात जाणारा वेळ, दोन्ही आधी अंगवळणी पडलेलं बरं.

उंबरठा:
मॅडमचं पटतं, फक्त रात्री जागू नकोस. काविळीतून उठलेलं शरीर आहे, आईच्या गप्प बसण्यात ती काळजीही असेल. माझ्या मुलीने ड्रॉप घेतला होता, पण पेपर देऊन. उत्तरतालिका आल्यावर मार्क मोजले, कुठला विषय कच्चा आहे ते दिसलं आणि मग घरात बसून ठरवलं. पेपर न देता घेतलेल्या ड्रॉपमध्ये हे कळायचं कसं? पीसीबीची सीईटीही दे. तिथे वजा मार्क नाहीत आणि बी. फार्मसीचा रस्ता उघडा राहतो.

रानजाई:
सीईटीचा फॉर्म भरलाय. पेपर देते. बाबांनाही आत्ताच सांगितलं. मॅडम, एनसीईआरटी अकरावीचं आधी घेऊ की बारावीचं?

पाटी_खडू:
अकरावीचं. बारावीचं बोर्डामुळे अजून डोक्यात ताजं आहे. प्लांट किंगडम आणि अॅनिमल किंगडमपासून सुरू कर, अडलीस तर इथेच विचार.