मदत हवी आहे: जँगो फॉर्मसेटमधल्या ड्रॉपडाउनपर्यंत रेट पोचत नाहीये

मंडळी, जँगो (पायथनमधलं वेब अ‍ॅप बनवायचं फ्रेमवर्क) ४.२ वर आहे. काकांचं मंडप-डेकोरेशनचं दुकान आहे, लग्नसराईत वहीत इतकी खाडाखोड होते की एकच जनरेटर दोन घरी कबूल केला जातो, म्हणून त्यांना बुकिंगचं छोटं अ‍ॅप करून देतोय. एका ऑर्डरमध्ये तीन-चार ओळी, हळद, लग्न, सत्यनारायण, प्रत्येकाची तारीख वेगळी, आणि त्या तारखेला जे सामान मोकळं आहे तेवढंच त्या ओळीच्या ड्रॉपडाउनमध्ये दिसायला हवं. शिवाय सामान निवडलं की शेजारी भाडं यावं म्हणून प्रत्येक ऑप्शनला डेटा-रेट (भाड्याचा आकडा ठेवणारं एचटीएमएल अ‍ॅट्रिब्यूट) लावायचाय.

आधी शहाणपणा करून व्ह्यूमधूनच बेस_फील्ड्सचा (फॉर्मच्या क्लासवरच्या, सगळ्यांना सामायिक फील्ड्सचा) क्वेरीसेट, म्हणजे डेटाबेसमधून येणारी सामानाची यादी, बदलला होता. एकट्याने टेस्ट करताना मस्त, दुकानात दोन मोबाइलवर उघडलं तर एका गिऱ्हाइकाची लिस्ट दुसऱ्याला! ते काढलं. आता फॉर्मसेटच्या (एका पानावरच्या सारख्या फॉर्मांचा गट, इथे ऑर्डरच्या ओळी) गेट_फॉर्म_क्वार्ग्समध्ये (प्रत्येक फॉर्मला जादा माहिती देणारी मेथड) तारखांच्या लिस्टमधून इंडेक्सप्रमाणे तारीख देतो आणि फॉर्मच्या इनिटमध्ये सुपरच्या (मूळ क्लासच्या इनिटच्या) आधी ती पॉप करतो, म्हणजे काढून घेतो, इथवर ठीक.

पण सिलेक्टचा (ड्रॉपडाउन काढणाऱ्या विजेटचा) सबक्लास करून क्रिएट_ऑप्शनमध्ये (एकेक ऑप्शन बनवणारी मेथड) व्हॅल्यू.इन्स्टन्स.रेट लिहिलं की 'स्ट्रिंगला इन्स्टन्स नाही' म्हणून आपटतं, आणि 'ओळ वाढवा' बटणासाठी एम्प्टी_फॉर्म (नव्या ओळीचा रिकामा साचा) टेम्प्लेटमध्ये टाकला की लिस्टचा इंडेक्स नन (काहीच नाही) आला म्हणून बोंब. दोन रात्री गेल्या राव.

प्रतिसाद १
ड्रॉपडाउनच्या डोक्यावर ती डॅशवाली ओळ असते ना, तिची व्हॅल्यू नुसती रिकामी स्ट्रिंग असते, तीच तुला नडतेय. बाकी ऑप्शन्सना जँगो ३.१ पासून मॉडेलचॉइसइटरेटरव्हॅल्यू मिळते, इन्स्टन्स (त्या सामानाची डेटाबेसमधली नोंद) तिच्यात असतो. 'इफ व्हॅल्यू' लाव, झालं. तिथे पीके (नोंदीचा आयडी) घेऊन डेटाबेसवर परत गेट मारत बसू नकोस, ऑप्शनगणिक क्वेरी जाईल. एम्प्टी_फॉर्मला इंडेक्स ननच येतो, तो कितवाच नसतो, तेव्हा तारीखही नन दे आणि फॉर्ममध्ये क्वेरीसेट रिकामा ठेव.

खरी गंमत पुढे आहे. जेएसने (जावास्क्रिप्टने) वाढवलेली ओळ पोस्ट झाली की इंडेक्स तुझ्या लिस्टच्या बाहेर जाणार. तिथेही नन दिलास तर रिकाम्या क्वेरीसेटमुळे निवडलेलं सामान 'व्हॅलिड चॉइस नाही' म्हणून परत येईल. म्हणून सुपरनंतर सेल्फ.अ‍ॅड_प्रिफिक्सने त्या ओळीच्या तारखेच्या फील्डचं पूर्ण नाव काढ, सेल्फ.डेटामधून (पोस्ट झालेल्या माहितीतून) तारीख उचल, पार्स कर आणि मग क्वेरीसेट लाव. आणि भाड्याचा हिशोब सेव्ह करताना सर्व्हरवर परत कर, डेटा-रेट ब्राउझरमध्ये कोणीही बदलू शकतो.

धागाकर्ता
दादा, जिंकलंस! 'इफ व्हॅल्यू'ने रेट लगेच आला. वाढवलेल्या ओळीला तू म्हणालास तस्साच इंडेक्सएरर आला, प्रिफिक्सवाल्या युक्तीने गेला. नवीन ओळीत तारीख टाकल्यावर सामानाची लिस्ट जेएसने आणायची राहिलीये, ती उद्या.