दिवाळखोरी की नादारी? आणि 'ट्रस्टी'ला काय म्हणावे?

प्रश्न : अमेरिकेतल्या दिवाळखोरी-शुल्काच्या २०१७ आणि २०२० च्या कायद्यांवरचा मजकूर मराठीत आणते आहे. 'ट्रस्टी' आणि 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' दोघांनाही 'प्रशासक' म्हटले तर चालेल का? आणि 'बँकरप्सी'ला दिवाळखोरी म्हणू की नादारी?

उत्तर : दोघांना एकच शब्द अजिबात नको. या दोन पदांतल्या फरकापायीच प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेले. ४८ राज्यांत अशा प्रकरणांवर देखरेख ठेवणारा 'यू.एस. ट्रस्टी' हा केंद्राच्या न्याय विभागाचा माणूस. अलाबामा आणि नॉर्थ कॅरोलिनात तेच काम 'बँकरप्सी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करतो, आणि तो न्यायपालिकेच्या अखत्यारीत येतो. २०१७ च्या कायद्याने चॅप्टर ११ (दिवाळखोरी कायद्याचा धंदा सावरायची संधी देणारा भाग) मधल्या मोठ्या कंपन्यांचे तिमाही शुल्क कमाल ३० हजार डॉलरवरून अडीच लाखांवर नेले. ४८ राज्यांत वाढ जानेवारी २०१८ पासून चालू प्रकरणांनाही लागली. उरलेल्या दोन राज्यांत ती ऑक्टोबरात आली, तीही फक्त नव्या प्रकरणांना. सर्किट सिटी ही इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांची साखळी बुडाली, तिचे प्रकरण व्हर्जिनियात होते. तीन तिमाहींचे ६,३२,५४२ डॉलर भरावे लागले. जुन्या दराने ५६,४०० पुरले असते. दिवाळखोरीचे कायदे देशभर एकसारखे हवेत, असे तिथली राज्यघटना सांगते. म्हणून जून २०२२ मध्ये न्यायालयाने हा भेद एकमताने घटनाबाह्य ठरवला. दोन्ही पदे 'प्रशासक' झाली तर वाचकाला यातले काय कळणार?

'विश्वस्त'ही जपून वापरा. सर्किट सिटीच्या वतीने दावा लढवणारा स्वतः ट्रस्टीच होता, पण कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा. 'विश्वस्त' त्याच्यासाठी ठेवा. बाकी दोघांना 'सरकारी देखरेख अधिकारी' आणि 'न्यायालयीन देखरेख अधिकारी' म्हणा. लांब आहेत, पण गोंधळ होत नाही.

नादारीबद्दल : आपल्याकडच्या २०१६ च्या संहितेच्या मराठी नावात 'नादारी' आणि 'दिवाळखोरी' दोन्ही आहेत. देणी फेडता न येणे ही नादारी; न्यायनिर्णयाने व्यक्तीवर बसतो तो दिवाळखोरीचा शिक्का. माझा ओढा 'नादारी'कडे आहे. 'लाचखोर', 'चुगलखोर' यांच्या पंगतीला बसलेल्या 'दिवाळखोर' या शब्दात माणूस आधीच दोषी ठरतो. धंदा सावरायला चॅप्टर ११ खाली आलेल्या कंपनीवर तो अन्याय आहे. तरी तुमच्या शीर्षकात 'दिवाळखोरी'च ठेवा, कारण वाचक तोच शब्द शोधणार.

प्रतिसाद : आमच्या पिढीला नादारी म्हणजे शाळेची फीमाफी. 'त्याला नादारी मिळाली' म्हणजे गरिबीमुळे फी माफ झाली. घोटाळा नाही का होणार?

उत्तर : चांगली आठवण केलीत. हा अर्थ इथेही उपयोगी पडतो. चॅप्टर ७ (मालमत्ता विकून देणी भागवण्याचा भाग) खाली अर्ज करताना व्यक्तीला ३३८ डॉलर भरावे लागतात, पण उत्पन्न दारिद्र्याच्या सरकारी मर्यादेच्या दीडपटीहून कमी असेल आणि हप्त्यानेही भरता येत नसेल, तर न्यायालय ते माफ करू शकते. तिथे सरळ 'शुल्कमाफी' लिहावे.

प्रश्न : तिमाही शुल्क 'डिस्बर्समेंट'वर आकारतात. 'खर्च' लिहू?

उत्तर : नको. खर्च म्हटले की नफ्यातून वजा होणारी रक्कम डोळ्यांपुढे येते. इथे धनकोंचे देणे धरून कंपनीने त्या तिमाहीत चुकते केलेले सगळे पैसे मोजतात. 'चुकती केलेली रक्कम' लिहा. २०२० च्या कायद्यानुसार एप्रिल २०२१ पासून ती १० लाख डॉलर वा जास्त असेल तर शुल्क ०.८ टक्के, कमाल अडीच लाख डॉलर ठरले होते. दोन राज्यांतही तेच घेणे या कायद्याने बंधनकारक केले.

आणखी एक : जून २०२४ च्या निकालात, ४८ राज्यांतल्या कंपन्यांनी जादा भरलेले पैसे परत द्यायला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी नकार दिला. तिथे 'परतफेड' लिहू नका, ती ऋणको करतो. सरकारकडून मागतात तो 'परतावा'.