चेन एक सुताची की पाऊण सुताची?

ए-२०३: राम राम मंडळी. ग्रुपवर सायकलीतलं कळणारं कोणी आहे का? गावाकडून वडिलांची काळी सायकल आणली. जुनी चेन गंजून गेली होती म्हणून काल नवी टाकून घेतली. तर ती पुढच्या चेनव्हीलवर (पायडलजवळच्या दात्यांच्या चकतीवर) बसतच नाही, दात्यांवर चढू राहिली. पायडल दाबलं की कट्कन उडते.

डी-१०२: तेल सोडा की जरा.

ए-२०३: सोडलं. चेन सोडून पँटलाच लागलं. दुकानदार म्हणू राहिला चेनव्हील गेलं, क्रँकसकट सगळा सेट बदला.

बी-००१ (सेक्रेटरी): टँकर ११ वाजता येतोय. गेटजवळच्या गाड्या काढून घ्याव्यात.

सी-३०१: काका, सेट अजिबात बदलू नका. नवी चेन ज्या डबीत आली तिचा फोटो टाका आधी.

ए-२०३: (फोटो)

सी-३०१: मला वाटलंच. डबीवर ६/७/८ स्पीड छापलंय. ही गिअरच्या सायकलची चेन आहे. सायकल खाली पार्किंगमध्येच आहे ना? जाडी मोजायचं कॅलिपर घेऊन येते.

डी-१०२: ताई वाळूजला कारखान्यात क्वालिटी तपासणीला आहेत. काका, आता तुमची चेन रिजेक्ट होणार बघा.

सी-३०१: मोजलं. चेनव्हीलचा दाता २.९ मिमी जाड आहे आणि या चेनची आतली रुंदी २.४ मिमीच्या आत. शिरणार कसा? दात्यांच्या दोन्ही अंगाला चेनच्या पट्ट्या घासल्याच्या चकचकीत रेघा पडल्यात, काकांनाही दाखवल्या. दाते आकाराने अजून चांगले आहेत, झिजून एका बाजूला आकड्यासारखे वाकलेले नाहीत. त्या दुकानदाराने चेनव्हीलकडे नीट बघितलं तरी होतं का, शंकाच आहे.

ए-२०३: पण दुकानात दोन्ही चेन शेजारी धरून दाखवल्या ओ त्यानं. कडीला कडी बरोबर जुळत होती.

सी-३०१: ती जुळणारच. साध्या सायकलीची घ्या नाहीतर गिअरची, पिनेपासून पिनेपर्यंत अंतर अर्धा इंचच असतं, १२.७ मिमी. फरक असतो रुंदीत, म्हणजे दोन पट्ट्यांमधल्या जागेत. काळ्या सायकलीला १/८ इंच लागते, सुताच्या हिशोबात एक सूत, ३.२ मिमीच्या आसपास. गिअरवालीला ३/३२ इंच, म्हणजे पाऊण सूत, २.४ मिमी. शेजारी धरून हे पाव सूत डोळ्यांना दिसत नाही.

ए-२०३: आता समजलं. एक सुताची पाहिजे होती, पाऊण सुताची मारली.

सी-३०१: हो. आणि ती मधूनच का उडते तेही बघा. चेनमध्ये एक कडी आतल्या पट्ट्यांची, पुढची बाहेरच्या पट्ट्यांची, अशी आलटून पालटून असते. बाहेरच्या कडीत जागा जास्त, तिथे तुमचा जाड दाता मावतो. आतल्या कडीत मावत नाही, ती वर चढते. जोर लावला की सगळीच सटकते.

डी-१०२: मग दाते थोडे घासून घ्या. ग्राइंडर आहे माझ्याकडे.

सी-३०१: चाळीसच्या वर दाते, तेही दोन्ही बाजूंनी सारखे घासणार? ग्राइंडर कपाटातच राहू द्या.

बी-१०१: ताई एक विचारू का. आमच्या पोरीच्या २१ गिअरच्या सायकलची चेन बदलायची हाय. मिस्त्री म्हणायलाय जाड चेन टाका, दमदार ऱ्हाते. काकाची उलटी केस झाली की ही. जाड चेन बारीक दात्यावर बसंल ना?

सी-३०१: बसेल हो, पुढे बसेल. सिंगल स्पीडला, म्हणजे बिनगिअरच्या सायकलीला, बारीक दात्यावर जाड चेन चालते, थोडा आवाज करते एवढंच. बारीक चेन जाड दात्यावर मात्र नाही. पण तुमच्याकडे मागे दात्यांच्या ७ चकत्या खेटून आहेत. ७-८ स्पीडची चेन बाहेरून साधारण ७ मिमी भरते, एक सुताची त्याहून बरीच जास्त. ती शेजारच्या चकतीला घासणार, गिअर बदलायच्या पिंजऱ्यातही अडकणार. मागे जितक्या चकत्या तितक्या स्पीडची चेन मागा, तुम्हाला ७ ची.

बी-१०१: पण २१ म्हणून घेतलीय की सायकल.

सी-३०१: पुढे ३, मागे ७, गुणून २१. चेन मागच्या आकड्यावर घ्यायची.

ई-४०४: मॅडम, माझंही बघा प्लीज. ११ स्पीड आहे, पुढे एकच चेनरिंग (म्हणजे चेनव्हीलच). रविवारी दौलताबाद घाट करून आलो, चिखल झालेला म्हणून चेन काढून धुतली. परत लावली तर काकांसारखीच वर चढून बसलीय. चेन तर तीच आहे, कालपर्यंत चालत होती.

सी-३०१: चेनरिंगचे दाते एक जाड, एक बारीक असे आहेत का?

ई-४०४: हो! आता नीट बघितल्यावर दिसलं.

सी-३०१: मग काही बिघडलेलं नाही. चेन एका दात्याने पुढे सरकवून लावा. जाड दाता बाहेरच्या कडीत आणि बारीक आतल्या कडीत जायला हवा, तुमचं उलट झालंय. पुढे एकच चेनरिंग असलं की चेन पडू नये म्हणून दोन्ही कड्यांमधली जागा अशी भरून काढतात. सायकलचे गिअर बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने २०१२ मध्ये एक्सएक्स१ या गिअर सेटमध्ये हे आणलं, मग बाकीच्यांनीही. म्हणून असल्या चेनरिंगला दाते नेहमी सम, ३०, ३२, ३४.

ई-४०४: बसली! ३२ च आहेत.

बी-००१ (सेक्रेटरी): टँकर आला. ए-११० यांची स्कूटी अजून गेटवरच आहे.

डी-१०२: माझी चेन पण मोजता का ताई? आवाज करू राहिली.

सी-३०१: आबा, त्याला कॅलिपर नको, पोराची १२ इंची पट्टी घ्या. चेन ताणून एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा. चांगल्या चेनला १२ इंचावर बरोबर पीन येते. ती अर्धं सूत पुढे गेली की चेन बदला. पूर्ण सूत गेली तर बहुतेक फ्रीव्हीलही (मागच्या चाकाचं दात्यांचं चक्र) बदलावं लागेल, झिजलेल्या दात्यांवर नवी चेन घसरते. आपल्याकडच्या धुळीत तेल भरमसाठ सोडू नका, माती चिकटून त्याची पॉलिशपेस्ट होते. सोडा, फिरवा, फडक्याने पुसून काढा.

ए-२०३: मी एक सुताची आणतो आज. बसवताना काही बघायचं का?

सी-३०१: आधी मागच्या फ्रीव्हीलचा दाता बघा, पुढचा आणि मागचा यातला जो जाड असेल त्याच्यावर चेन घ्यायची. आणि चेन जोडायच्या लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला ठेवा, उघडं तोंड पुढे आलं की क्लिप कुठेतरी अडकून निघते.

ए-२०३: ठीक. पण ही चेन दुकानदार परत घेईना, कापली म्हणतो.

बी-१०१: काका मला द्या की मग. ७ स्पीडची हाय म्हणायल्यात ताई.

सी-३०१: आखूड पडेल दादा. गिअरवालीची चेन साधारण ११४-११६ कड्यांची येते, काकांची कापून बरीच कमी झालीय. कापलेला तुकडा असेल तर जोडता येईल, पण पीन ठोकून जोडा. क्लिपचं लॉक तिथे नको, पिंजऱ्यात आणि चकत्यांवर अडकतं.

ए-२०३: तुकडा डिक्कीतच पडलाय, दुकानातून उचलून आणला होता. पीन ठोकायला पंच, हातोडी कोणाकडे आहे?

डी-१०२: हातोडी आहे. ग्राइंडर विचारत नाही.