पोर्तुगालमध्ये फूड टूर घ्यायचीय, आई माळकरी आहे. कशी निवडावी?

गोदाकाठ_परभणी
सप्टेंबरात आम्ही चौघं पोर्तुगालला जायलोत. लिस्बनला चार रात्री, पोर्तोला तीन. एक चांगली फूड टूर करायची इच्छा आहे, पण साइटवर शंभरेक दिसायलेत आणि सगळ्यांनाच पावणेपाच तारे! अडचण अशी: आई माळकरी, अंडंही चालत नाही, त्यात चातुर्मास म्हणून कांदा-लसूण बंद. बाबा मासे-कोंबडी खातात, डुक्कर-गाय नाही. आम्हा दोघांना सगळं चालतं. चौघांनी मिळून एकच टूर घ्यावी का? आणि घेताना नेमकं काय बघावं?

तेरणा_धाराशिव
चौघांनी एक टूर घेऊ नका. आईंचे पैसे पाण्यात जातील.

कारण तिकडच्या स्वयंपाकाची सुरुवातच ऑलिव्ह तेलात कांदा-लसूण परतून होते. त्याला रेफोगादू म्हणतात. सूप, भात, डाळी-शेंगांचे प्रकार, सगळ्याखाली तेच. काल्दू व्हेर्द नावाचं बटाटा आणि हिरव्या पानांचं सूप बघायला एकदम शाकाहारी, पण त्यात शोरीसू या डुकराच्या सॉसेजची चकती टाकतात. चकती काढून दिली तरी सूप बऱ्याचदा तिच्याबरोबरच उकळलेलं असतं. गोडाचं तर विचारूच नका, जुन्या कॉन्व्हेंटमधली (म्हणजे नन्सच्या मठांमधली) बरीचशी मिठाई अंड्याच्या पिवळ्या बलकावर उभी आहे. पश्टेल द नाता या छोट्या टार्टचं सारण म्हणजे दूध, साखर आणि बलक. पुदीं आबाद द प्रिश्कुश या पुडिंगमध्ये तर डुकराची चरबी घालतात, आणि वरून ते निव्वळ कॅरॅमलचं पुडिंग दिसतं.

दुसरं म्हणजे 'व्हेजिटेरियन' शब्दावर भरवसा ठेवू नका. जुन्या खानावळीत 'कार्न' (मांस) म्हणजे मटण-बीफ-डुक्कर एवढंच धरतात, हॅमचे तुकडे किंवा टूना त्यात मोजत नाहीत. प्रत्येक गोष्ट वेगळी सांगावी लागते: सैं कार्न, सैं पैश, सैं ओवुश, म्हणजे मांस नको, मासा नको, अंडी नकोत. वर कांदा (सिबोला) आणि लसूण (आल्यु) नको हेही. गाइडकडून हे सगळं पोर्तुगीजमध्ये कागदावर लिहून घ्या, पुढे टूर नसलेल्या दिवशीही हॉटेलात दाखवता येतं.

मांजराकाठ_लातूर
वरच्याशी सहमत, पण आईंना अगदीच वगळायचं कारण नाही. त्यांच्यासाठी 'व्हेजिटेरियन' नाही, 'व्हीगन' शब्द टाकून शोधा. लिस्बनला व्हीगन फूड टूर निघतात, त्यात बिनअंड्याचा पश्टेल द नाताही मिळतो. अंड्याचा प्रश्न तिथेच मिटतो. कांदा-लसणाचं मात्र ईमेलवर आधी विचारावंच लागेल, आणि प्रामाणिक कंपनी बहुधा 'सगळ्या थांब्यांवर जमणार नाही' असंच कळवेल. तसं उत्तर आलं तर त्या कंपनीवर विश्वास ठेवायला हरकत नाही. 'नो प्रॉब्लेम, वुई मॅनेज' एवढ्या एका ओळीत उत्तर आलं तर सोडून द्या.

नाहीतर आईंसाठी सकाळी बाजारातच स्वतः फिरा. ऑलिव्ह, मक्याचा ब्रॉआ पाव (दूध-अंडं नाही ना, हे विचारून), सुके अंजीर, अल्गार्व्हचे बदाम, मार्मेलादा म्हणजे क्विन्स फळाची घट्ट वडी. चीजमध्ये एक गंमत आहे. सेरा द एश्त्रेला आणि अझैताऊं ही मेंढीच्या दुधाची चीज काटेरी कार्दू फुलाच्या अर्काने विरजतात, वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने नाही. माळकरी माणसाला युरोपात निर्धास्त खाता येईल असं चीज सहजी सापडत नाही, हे सापडतंय. ब्रेडवर लावून खायचं, वरचा टणक भाग कापून आतलं मऊ चमच्याने काढायचं.

बाबांना मासे चालतात म्हणजे त्यांची चंगळ आहे. सार्डिनचा हंगाम सप्टेंबरात अजून असतो, बकाल्याव (खारवलेला कॉड) बारमाही. फक्त बिफाना म्हणजे डुकराच्या मांसाचा पाव, तो जवळपास प्रत्येक टूरमध्ये असतो, त्याला बदली काय ते आधी ठरवा. आल्येरा सॉसेज 'कोंबडीचं' म्हणून पुढे येईल, पण आता पुष्कळदा त्यात डुक्कर असतं. पोर्तोचं फ्रान्सेझिन्या सँडविच बाबांना नको, त्यात हॅम, सॉसेज, बीफ सगळंच एकावर एक.

गोदाकाठ_परभणी
म्हणजे आम्ही तिघांनी एक टूर आणि आईसोबत बाजार, असं करतो. निवडताना तारे सोडून काय बघू? आणि बाबांचे गुडघे जरा कुरकुरतात.

तेरणा_धाराशिव
तारे सोडा, तीन-ताऱ्यांचे रिव्ह्यू वाचा. रागावलेला एक तारा देतो, खूश झालेला पाच; खरी माहिती मधल्याकडे असते. 'पोट भरलं नाही', 'सगळीकडे उभंच राहावं लागलं', 'गाइड घाईत होता' असं दोन-तीनदा दिसलं की पुढे चला.

मग कंपनीला चार गोष्टी विचारा. ग्रुपमध्ये जास्तीत जास्त किती माणसं? बारापेक्षा जास्त असतील तर ती छोट्या ताश्का खानावळीत मावतच नाहीत, मग मोठ्या टुरिस्ट हॉटेलात नेतात. थांबे किती, त्यातले बसून किती? अंतर आणि चढ किती? आणि वाइन न पिणाऱ्याला बदली काय? शेवटच्याचं उत्तर बहुधा ज्यूस असतं आणि पैसे कमी होत नाहीत. तीन-साडेतीन तासांच्या टूरला माणशी साधारण 70 ते 100 युरो धरून चला. 'फ्री वॉकिंग टूर' टिपवर चालते आणि त्यात खाणं नसतं. टुक-टुकवाली 'फूड टूर' म्हणजे बरेचदा दोन घास आणि बाकी सगळं फिरणं.

गुडघ्यांसाठी भाग महत्त्वाचा. लिस्बनमधले आल्फामा आणि मोरारिया म्हणजे दौलताबादचा किल्ला समजा, पायऱ्याच पायऱ्या. पायाखाली गुळगुळीत चुनखडीचे दगड, पाऊस पडला की घसरतात, तेव्हा रबरी तळव्याचे बूट घ्या. बैशा सपाट आहे, कांपु द ओरीक बराचसा सपाट आणि तिथे स्वतःचा बाजारही आहे. पोर्तोत बोल्याव बाजार धरून टूर घ्या, मेट्रो स्टेशन शेजारीच आहे. 2022 मध्ये नूतनीकरण होऊन तो परत उघडलाय.

मांजराकाठ_लातूर
वार बघून बुक करा. रविवारी बोल्याव बंद. सोमवारी मासळी शिळी, कारण रविवारी होड्या फारशा जात नाहीत. पुष्कळ खानावळीही रविवार-सोमवार बंद असतात. मंगळवार ते शनिवार, सकाळी साडेदहाच्या आसपासची टूर धरा आणि नाश्ता करू नका.

बुकिंग इथूनच करून जा. तिकडे रोमिंग नसलं तर ओटीपी येत नाही आणि कार्ड अडकतं. पेमेंट करताना रुपये की युरो विचारलं तर युरो. साइटवर बुक केलं तरी खाण्याचं बंधन कंपनीला वेगळ्या ईमेलने दोन-तीन दिवस आधी कळवा, कारण साइटच्या 'नोट'च्या चौकटीतलं गाइडपर्यंत पोचेलच असं नाही. रद्द करायची मुदत बऱ्याच ठिकाणी 24 तास असते, तीही वाचून घ्या. कंपनी नोंदणीकृत आहे का बघायचं तर वेबसाइटच्या तळाशी आर-एन-ए-ए-टी क्रमांक शोधा, टुरिज्मु द पुर्तुगाल या सरकारी संस्थेकडची नोंद असते ती.

टूर सोडून तुम्ही जेवायला बसाल तेव्हा पाव, ऑलिव्ह, चीज न मागता टेबलावर येईल. ते फुकट नाही, कुव्हेर म्हणून बिलात लागतं. नको असेल तर हात न लावता लगेच परत पाठवा. न मागितलेलं, न खाल्लेलं बिलात लावता येत नाही, आणि लावलंच तर 'लिव्हरु द रेक्लामासॉयंश' मागा. ही तक्रारवही ठेवणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे, नुसतं नाव काढलं तरी बहुतेकदा बिल दुरुस्त होऊन येतं.

तेरणा_धाराशिव
आणि थोडी रोकड ठेवा. काही छोट्या ठिकाणी फक्त पोर्तुगीज बँकेचं कार्ड चालतं. पैसे काढायचे तर 'मल्टीबान्कु' लिहिलेलं मशीन, टुरिस्ट भागातली निळी-पिवळी मशीनं टाळा, शुल्क जबर लावतात.