पहिलाच लूप आणि हार्ड ट्यूबचा हट्ट

पाणक्या :
संगणकाचा सीपीयू (मुख्य चिप) आणि ग्राफिक्स कार्ड पाण्याने थंड ठेवण्यासाठी पंप, टाकी आणि नळ्या स्वतः जोडून केलेली साखळी म्हणजे कस्टम लूप. तिची नळी कडक (हार्ड ट्यूब) किंवा लवचीक (सॉफ्ट ट्यूब) असते. ‘कस्टम लूप करायचा तर पहिल्यापासून हार्ड ट्यूबचाच करावा, सॉफ्ट ट्यूब म्हणजे बागेला पाणी घालायची नळी’, हा खटपट्या यांचा कालचा उपदेश वाचून गप्प बसवेना, म्हणून सविस्तर लिहितो आहे. सीपीयू आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यामध्ये एक रेडिएटर (पंख्यांच्या हवेने पाणी निववणारी जाळी) हवाच, नाहीतर तापलेले पाणी पुढच्या ब्लॉकमध्ये (चिपची उष्णता पाण्यात उतरवणाऱ्या धातूच्या ठोकळ्यात) शिरते, असेही त्यांनी बजावले आहे. आधी हे दुसरे निकालात काढतो. मिनिटाला ४ लिटर पाणी फिरत असेल, तर ४०० वॉट उष्णता शोषूनही ते एका फेरीत जेमतेम दीड अंशाने तापते. त्यामुळे ब्लॉक कोणत्या क्रमाने जोडले यापेक्षा रेडिएटरचे एकूण क्षेत्रफळ किती आहे हे पाहावे. क्रमाचा नियम एकच : टाकी पंपाच्या लगेच आधी आणि त्याच्यापेक्षा वर असावी, कारण पंपाच्या बेअरिंगला वंगण पाण्याचेच मिळते आणि कोरडा फिरलेला पंप फार दिवस टिकत नाही.

आता ट्यूबचे. माझा पहिला लूप हार्ड ट्यूबचाच होता. ट्यूब कापल्यावर तिची कड आतून-बाहेरून घासून घ्यावी लागते. ते एका टोकाला राहून गेले आणि त्या धारेने फिटिंगमधली (नळीच्या जोडातली) ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, चिरली. सुदैवाने फक्त पंपाला वीज देऊन चाचणी रात्रभर चालू ठेवली होती. पहाटे ग्राफिक्स कार्डाखाली अंथरलेल्या टिश्यू पेपरवर नाण्याएवढा ओला डाग होता, आणि वर फिटिंगच्या कडेला पुढचा थेंब लोंबत होता. दुरुस्तीसाठी लूप रिकामा करायला गेलो, तर ड्रेन व्हॉल्व्ह (पाणी काढून टाकायची तोटी) बसवलेलाच नव्हता. पहिला लूप चारदा उघडावा लागतो हे गृहीत धरूनच आराखडा करायचा असतो, आणि सॉफ्ट ट्यूब अशा वेळी माणसाला सांभाळून घेते.

खटपट्या :
दीड अंशाचे गणित मान्य. पाणक्या यांना पाण्याची विशिष्ट उष्मा तोंडपाठ आहे हे पाहून संतोष वाटला. मात्र स्वतः कड घासायला विसरायचे आणि दोष हार्ड ट्यूबला द्यायचा, याला आपल्याकडे नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात. हार्ड ट्यूब माणसाला आधी मोजायला लावते. मीही पीईटीजीच्या (कडक पारदर्शक प्लॅस्टिकच्या) सहा नळ्या वाया घालवल्या : आत सिलिकॉनची दोरी न घालता वाकवली तेव्हा बाक चपटा झाला, हीटगन एकाच जागी धरली तेव्हा बुडबुडे आले. सातवी जमली. तोवर केसमधले प्रत्येक अंतर मला पाठ झाले होते. सॉफ्ट ट्यूबवाले मात्र ६० मिलिमीटर जाडीचा रेडिएटर आधी आणतात आणि त्यावर पंखे चढवल्यावर तो रॅमला टेकतो, हे नंतर पाहतात.

शिवाय सॉफ्ट ट्यूब कालांतराने ढगाळ होते. तिच्यातले प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ ठेवणारे रसायन) पाण्यात उतरते आणि सीपीयू ब्लॉकच्या बारीक खाचांत पांढरी साय धरते. माझ्या जुन्या लूपमध्ये मी ती डोळ्यांनी पाहिली आहे.

शंकेखोर :
त्या जुन्या लूपमध्ये कूलंट (लूपमध्ये फिरणारा द्रव) कोणते होते, हे सांगायचे सोयीस्करपणे राहिले. दुधाळ रंगाचे असेल तर साय ट्यूबची कशावरून? त्या कूलंटमध्ये घन कणच तरंगत असतात. जिथे प्रवाह मंद तिथे ते खाली बसतात आणि ब्लॉकच्या खाचा तर मिलिमीटरच्या अंशाएवढ्या असतात.

खटपट्या :
कूलंट दुधाळ होते. म्हणून ट्यूब निर्दोष ठरत नाही.

तांबट :
दोघेही भलत्याच ठिकाणी बोट ठेवत आहात. साय दिसली की आधी रेडिएटर कोणत्या धातूचा आहे ते विचारा. मी घेतलेल्या तयार संचात ब्लॉक तांब्याचा होता आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा, आणि खोक्यावर त्याचा चकार शब्दही नव्हता. आठ महिन्यांनी लूप उघडला तेव्हा टाकीच्या तळाशी पांढरट जेलीसारखा थर होता. तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजतेच. गंजरोधक फक्त वेळ लांबवतो. वर विक्रेत्याने मलाच विचारले की पाणी नळाचे भरले होते का! डिस्टिल्ड होते महाराज, गंजरोधक आणि जैवनाशकही मोजून घातले होते.

शंकेखोर :
तांबट यांची व्यथा खरी आहे, पण ती प्रत्येक चर्चेत पुन्हा सोसण्याची आमच्यावर सक्ती का? खटपट्या यांचा रेडिएटर तांब्या-पितळेचा होता, असे त्यांनी पूर्वीच लिहिले आहे.

तांबट :
मग तो भरण्याआधी धुतला होता का, हे विचारा. तांब्याच्या रेडिएटरमध्ये डाखकामाचा फ्लक्स (डाख नीट बसावा म्हणून लावलेले रसायन) शिल्लक राहतो. कोमट डिस्टिल्ड पाणी भरून, हलवून, ओतलेले पाणी निवळ येईपर्यंत हे करावे लागते. रंग निवडण्यात आठवडा घालवणाऱ्यांना एवढी अर्ध्या तासाची मेहनत जड जाते, हेच माझे दुखणे आहे.

खटपट्या :
धुतला होता. दोनदा धुतला होता. माझ्या रेडिएटरची चौकशी समिती बसवण्यापेक्षा कोणीतरी मूळ प्रश्नावर बोलेल का?

निवांत :
मूळ प्रश्नावर बोलतो, पण कोणालाच आवडणार नाही. लूप करायचाच कशाला? पाणी खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. सीपीयूची उष्णता चिमूटभर चिपमधून, वरच्या झाकणातून वाट काढत येते आणि तिथेच अडते, म्हणून चांगल्या एअर कूलरच्या (सीपीयूवर बसणाऱ्या, हवेने थंड करणाऱ्या पंख्याच्या) तुलनेत माझ्याकडे सीपीयूचे तापमान मोजकेच अंश उतरले. ग्राफिक्स कार्डाचे मात्र वेगळे. तिथे ब्लॉक थेट चिपवर बसतो. तापमान २० अंशांहून अधिक खाली आले आणि पंख्यांचा घरघराट थांबला, हे नाइलाजाने कबूल करतो. पंख्यांचा वेग सीपीयूऐवजी पाण्याच्या तापमानावर बांधल्यानंतर तो पाण्यासारखाच सावकाश वरखाली होतो.

पाणक्या :
निवांत यांनी विरोध करायला येऊन लूपचीच वकिली केली, त्याबद्दल आभार. प्लॅस्टिसायझरचा मुद्दा मला नाकारता येत नाही. पारदर्शक पीव्हीसी ट्यूबमध्ये तो त्रास होतो. पण त्यासाठी ईपीडीएम रबराची काळी ट्यूब आहे. दिसायला ती खरोखरच बागेच्या नळीसारखी आहे, खटपट्या यांना हा आनंद अवश्य घेऊ द्यावा. रेडिएटरची जाडी, त्यावरचे पंखे आणि रॅम यांच्यातले अंतर आधी मोजावे, हा त्यांचा आग्रह योग्य आहे. फक्त मोजपट्टी चालवायला हार्ड ट्यूबची दीक्षा घ्यावी लागत नाही.

खटपट्या :
ड्रेन व्हॉल्व्हची जागा सर्वांत खालच्या टोकाला आणि सर्वांत आधी ठरवावी, एवढे पाणक्या यांचे मान्य. माझ्याही दुसऱ्या लूपमध्ये मी तो बसवला. पहिला कसा रिकामा केला ते विचारू नका. बाकी नळी ती नळीच.