६ मीटर उंचीवरून टाकायच्या अंड्यासाठी खोक्यात काय भरावे?

प्रश्न (शिक्षिका, यवतमाळ जिल्हा)
तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या सातवीच्या मुलांना ६ मीटर उंच गच्चीवरून कच्चे अंडे न फुटता खाली पोहोचवायचे आहे. खोके कोणत्याही बाजूने २० सेंटीमीटरपेक्षा मोठे नसावे आणि पॅराशूट लावू नये, असा नियम आहे. मुलांनी घरून वेचणीचा कापूस आणून खोक्यात ठासून भरला, तरी तिन्ही वेळा अंडे फुटले. एवढ्या कापसातही ते का फुटते, हे मुलांना कसे समजावून सांगावे?

उत्तर १ (निवृत्त विज्ञान शिक्षक, वर्धा जिल्हा)
मॅडम, कापूस ठासून भरला, हेच कारण आहे. ६ मीटरवरून पडणारे खोके जमिनीला टेकते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे ३९ किलोमीटर असतो, आणि तो वेग किती अंतरात शून्यावर येतो यावर अंड्याचे भवितव्य ठरते. ठासलेला कापूस जेमतेम ५ मिलिमीटर दबला, तर ५५ ग्रॅमच्या अंड्यावर सरासरी त्याच्या वजनाच्या १२०० पट, म्हणजे ६६ किलोंचा भार येतो. तेच अंडे ५ सेंटीमीटर अंतरात थांबले, तर हा भार साडेसहा किलोंच्या आसपास राहतो. शिवाय वेचणीच्या कापसात सरकी असते आणि तिचे कठीण दाणे कवचाला एकाच जागी टोचतात. म्हणून सरकी काढलेली रुई सैलसर पिंजून वापरावी आणि अंडे खोक्याच्या अगदी मधोमध ठेवावे, म्हणजे सर्व बाजूंनी सात-आठ सेंटीमीटर जागा मिळते. तळाशी सोयाबीनचे कुटार (मळणीनंतर उरणारा भुसा) घालावे, कारण ते स्प्रिंगसारखे उसळत नाही. मात्र मोकळे कुटार बाजूला सरकून अंडे तळाला टेकते, म्हणून जुन्या धोतराच्या कापडात कुटाराच्या सैल पोटल्या बांधाव्यात.

उत्तर २ (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, अमरावती)
सरांच्या उत्तरात एक भर घालतो. अंडे उभे ठेवले की ते अधिक मजबूत असते, असे आपण शिकत आलो. परंतु २०२५ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही मिलिमीटर उंचीवरून टाकलेली आडवी अंडी उभ्या अंड्यांपेक्षा कमी फुटली. टोकाचा भाग ताठर असतो, तर मधला भाग तडकण्यापूर्वी किंचित लवून अधिक ऊर्जा पचवतो. आपण अंडे आडवे ठेवून पाहावे.

प्रश्नकर्त्या शिक्षिका
दोघांचेही मनापासून आभार. आज रुई, कुटाराच्या पोटल्या आणि आडवे अंडे अशा रचनेने पाच वेळा चाचणी घेतली. चार वेळा अंडे शाबूत राहिले. पाचव्या वेळी खोके कोपऱ्यावर आदळले आणि अंडे रुईतून घसरून पुठ्ठ्याला लागले. आता अंडे पातळ कापडात गुंडाळून सहा दिशांना सुती पट्ट्यांनी सैलसर बांधावे आणि बाहेरून आठही कोपऱ्यांना चुरगळतील अशा कागदी सुरळ्या चिकटवाव्यात, असे मुलांनीच सुचवले आहे. सुरळ्यांसह माप २० सेंटीमीटरच्या आत राहावे म्हणून उद्या १६ सेंटीमीटरचे खोके घेऊन पुन्हा गच्चीवर जाणार आहोत.