सासूबाईंचं औषध, पेटंटचा अर्ज दुसऱ्याचा. काय करता येईल?

जांबोटीची सून
मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडं राहते. सासूबाई हगवणीवर कुड्याच्या झाडाचं पाळ, म्हणजे मूळ, ताकात उगाळून देतात. कुडा सगळ्यांनाच माहीत, पण त्या त्यात एका वेलाचा पाला घालतात. तो कधी तोडायचा, किती घालायचा, हे त्यांना त्यांच्या आईनं शिकवलं. कुठं लिहिलेलं नाही. दोन पावसाळ्यांमागं एका कॉलेजातली माणसं आली. सासूबाई दोन दिवस त्यांना घेऊन रानात हिंडल्या, पिशवी भरून पाला दिला. जाताना त्यांनी कन्नडमधल्या कागदावर अंगठा घेतला. आता त्यांच्यातलाच एक मुलगा सांगतो, पेटंटचा अर्ज गेलाय. सासूबाईंना पैसे नकोत. रोज एकच विचारतात, "माझं नाव घातलंय काय गं त्यात?"

टिळकवाडीकर
ताई, त्या वेलाचं नाव इथं लिहू नका. पेटंट अर्जांचं काम मी बरीच वर्षं केलंय, म्हणून सांगतो.

पेटंट कायद्याच्या कलम 10 प्रमाणे, शोधात वापरलेलं जैविक साहित्य कुठून आणलं, मूळ कुठलं, हे अर्जात सांगावं लागतं. खानापूरचं रान लपवलं असेल तर कलम 25 खाली हरकत घेता येते. त्याच कलमात तुमच्या उपयोगाचं आणखी एक कारण आहे: स्थानिक समाजात आधीपासून असलेलं ज्ञान, मग ते तोंडी का असेना. 'तोंडी' हे कायद्यातच आहे, पोथी लागत नाही. हळदीवरचं 1995 चं अमेरिकन पेटंट 1997 मध्ये रद्द झालं, पण त्यासाठी सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेला जुने छापील पुरावे शोधावे लागले होते.

अर्ज साधारण 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो. तेव्हापासून पेटंट मिळेपर्यंत कोणीही हरकत घालू शकतं. कर्नाटकातले अर्ज चेन्नई कार्यालयात जातात.

सासूबाईंना मात्र खरं सांगायला हवं. आपला पेटंट कायदा 'कुठून' विचारतो, 'कोणाकडून' विचारत नाही. मे 2024 मध्ये जिनिव्हात झालेल्या करारात ज्ञान देणाऱ्या समाजाचा उल्लेख मागितलाय. तो लागू व्हायला 15 देशांची मान्यता लागते, आणि त्यातही समाज येतो, एकटी बाई नाही. हे माझ्या मनाला फार लागतं.

निपाणीचा मास्तर
पंचायतीतली जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातली झाडं आणि त्यांची माहिती लिहिलेली वही, बघा. आमच्या गावच्या वहीत कुडा सापडेना, शेवटी 'कोडसिगे' म्हणून मिळाला. कन्नडबद्दल तक्रार नाही. पण म्हातारी ज्या नावानं झाड ओळखते ते वहीत नसेल, तर हरकतीला पुरावा कुठला जोडणार? दोन्ही नावं घालायला लावा. रीत मात्र उघड लिहू नका, आधी वकिलाला विचारा. आणि 2023 च्या दुरुस्तीनंतर इथल्या अर्जदारानंही पेटंट मिळण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडं नोंदणी करायची असते. ती केलीय का, तेही विचारा.

जांबोटीची सून
काल पंचायतीत गेले. पीडीओंनी, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांनी, वही काढली, कुड्याचं मराठी नाव घालून घेतलं. वेलाचं सांगितलं नाही. घरी आल्यावर सासूबाईंना समाजाचं समजावलं. थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "म्हंजे माझी आईबी आली की त्यात." अंगठ्याच्या कागदाची प्रत मागायला सोमवारी कॉलेजात जातेय. मराठी-कन्नड दोन्ही नीट वाचणारं कुणी बरोबर येईल का?

टिळकवाडीकर
मी येतो. साडेदहाला खानापूर स्टँडवर थांबा.